दहा बरे झाले, एक परतला
शास्त्रभाग : लूक १७:११-१९



आदिवासी पाड्यांवरील कार्याचा अहवाल मंडळीत वाचला की एक प्रश्न हमखास येतो : यांतून प्रभूकडे किती जण आले? प्रश्न कळकळीचा असतो. पण उत्तर देण्याआधी मिशनकार्याचा पाया पवित्र शास्त्रात कोठे आहे, ते पाहू या.

१. कार्य देवाचे आहे

मिशनकार्याचा आरंभ मत्तय २८ मधील महान आज्ञेपासून झाला, असे आपण समजतो. परंतु त्याच्या फार आधी, उत्पत्ती १२:१-३ मध्ये देव अब्रामाला बोलावतो, ते केवळ त्याचे भले व्हावे म्हणून नव्हे, तर त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळावा म्हणून. योहान २०:२१ मध्ये पुनरुत्थित प्रभू शिष्यांना पाठवतो, ते पित्याने त्याला पाठवले त्याप्रमाणेच. म्हणून कार्य त्याचे आणि कार्याची रीतही त्याचीच हवी.

२. दयेला अट नाही

दहा कुष्ठरोगी दूर उभे राहून हाक मारतात. प्रभू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःस दाखवायला सांगतो आणि वाटेतच ते शुद्ध होतात. लेवीय १३ व १४ प्रमाणे याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय अशा माणसाला आपल्या लोकांत परतता येत नसे. प्रभूने त्यांचे शरीर बरे केले, तसेच गावातली हरवलेली जागाही मिळवून दिली. जातीच्या दाखल्यासाठी कातकरी कुटुंबाबरोबर तहसील कचेरीत हेलपाटे घालणारा सेवक हेच करीत असतो. आईबाप वीटभट्टीवर गेले तरी मुलाची शाळा सुटू नये म्हणून धडपडणारी सेविकाही हेच करते.

दहांपैकी नऊ परतले नाहीत. तरी प्रभूने त्यांचे आरोग्य काढून घेतले नाही. परत येण्याची अट त्याने आधी घातलीच नव्हती. भुकेल्याच्या ताटाला विश्वासाची अट घातली, तर दया उरत नाही, सौदा होतो. आणि गरजेपोटी दिलेला होकार म्हणजे विश्वास नव्हे.

३. साक्ष नम्रतेची

म्हणून प्रभूचे नाव झाकून ठेवावे, असे मात्र नाही. बाकीच्या नऊ जणांविषयी प्रभूने विचारलेच. त्यांना आरोग्य मिळाले, पण देणाऱ्याची भेट हुकली. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध असावे, पण सौम्यतेने व आदराने, असे पेत्र शिकवतो (१ पेत्र ३:१५).

परतलेला मनुष्य शोमरोनी, यहूद्यांच्या दृष्टीने परका होता. उपकारस्तुती कशी करावी, हे त्याच्याकडूनच शिकावे लागले. पाड्यावर आपणही केवळ देणारे म्हणून जात नाही. शिकणारे म्हणूनही जातो.

तेव्हा पुढचा अहवाल ऐकताना किती आले, एवढेच विचारू नये. आपण दहांपर्यंत पोहोचलो का? आणि जो परतला, त्याला भेटायला आपण तेथे होतो का?

मननासाठी प्रश्न
१. ज्यांच्याकडून आभाराचा शब्दही येणार नाही, त्यांच्यासाठी आपली मंडळी किती काळ देत राहील?
२. आदिवासी बांधवांकडून आपण काय शिकलो?

प्रार्थना : हे प्रभू, तू पाठवतोस त्या रीतीने जाण्यास आम्हांला साहाय्य कर. आमेन.