फाइल वाचूनही (गीता ५.१८)



आज पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक. पाठांतराला सोपा, पचवायला अवघड. भगवंत पाच नावं घेतात: विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक. या पाचांकडे जो समान नजरेनं बघतो तो पंडित. ज्ञानेश्वर माउली या श्लोकावर बोलताना हत्तीशेजारी चक्क डास आणून ठेवतात, म्हणजे कुणी ‘मोठे मोठे प्राणीच’ असा अर्थ लावायला नको!

श्वपाक म्हणजे शब्दशः कुत्र्याचं मांस शिजवून खाणारा. त्या काळच्या समाजानं गावाबाहेर टाकलेल्या माणसाला दिलेलं हे नाव. आज वाचताना ते टोचतं आणि टोचायलाच हवं असं मला वाटतं. पण यादीचा क्रम बघा. टाकून दिलेला प्राणी आणि टाकून दिलेला माणूस अगदी शेजारी शेजारी आहेत. हे दोघं खरोखर एका खोलीत राहिले तर काय होईल? असं घडलेलं आहे, आणि ते मला या श्लोकावरचं फार चांगलं भाष्य वाटतं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बरजवळ बायकांचा एक तुरुंग आहे. तिथे १९८१ मध्ये पॉलीन क्विन नावाच्या बाईंनी एक कल्पना मांडली: बेवारस कुत्री तुरुंगात आणायची आणि कैदी बायकांनी त्यांना शिकवून तयार करायचं. क्विन यांचं स्वतःचं लहानपण संस्थांमध्ये आणि रस्त्यावर गेलं होतं, आणि एका जर्मन शेफर्ड कुत्रीच्या सोबतीनं त्या सावरल्या होत्या. पुढे त्या डोमिनिकन पंथाच्या सिस्टर झाल्या. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे डॉ. लिओ बस्टाड त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि काम सुरू झालं. आज ते ‘प्रिझन पेट पार्टनरशिप’ या नावानं ओळखलं जातं. नंतर अमेरिकेत ठिकठिकाणी असे उपक्रम निघाले. ओरेगॉनमध्ये १९९३ साली बालगुन्हेगारांच्या सुधारगृहात सुरू झालेला ‘प्रोजेक्ट पूच’ हा त्यातलाच एक.

कुत्री येतात शेल्टरमधून. कुणी घाबरट, कुणी साखळीला सतत हिसडे देणारं, कुणी दोन घरांनी परत केलेलं. ते कैद्याच्या कोठडीतच राहतं. पहाटे बाहेर नेणं, खाणं, आंघोळ, केस विंचरणं आणि दिवसभर शिकवणं, सगळं तिनंच करायचं. पडलेली वस्तू उचलून देणं, दार ओढून उघडणं, दिवा लावणं, व्हीलचेअरशेजारी न ओढता चालणं. ज्यांना हे सगळं जमतं ती अपंग माणसांची मदतनीस होतात. बऱ्याच जणांना तेवढं जमत नाही, कारण ती परीक्षा फार कडक असते. मग ती शहाणी, माणसाळलेली कुत्री म्हणून साध्या घरांत दत्तक जातात. म्हणजे ‘नापास’ झालेल्यालाही घर मिळतं. (आमच्या क्षेत्रातल्या अप्रेझलवाल्यांनी हे जरूर वाचावं.)

आता शिकवण्याची रीत बघा. कुत्र्यानं बरोबर केलं की त्याच क्षणी खाऊ किंवा शाबासकी. चार सेकंद उशीर झाला तर त्याला कळतच नाही की बक्षीस कशाचं होतं. ओरडलं तर घाबरलेलं कुत्रं आणखी मिटून जातं. ते बसत नसेल तर त्याच्यावर चिडून उपयोग नाही. आपण ‘बस’ नीट सांगितलं का, हाताची खूण रोज तीच होती का, हे तपासायचं. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे लोक हे रोज करतो, आउटपुट चुकलं की आधी इनपुट बघतो. पण समोर जिवंत, थरथरणारा जीव असताना, रागाची सवय असलेल्या हातांनी हे करणं म्हणजे साधनाच आहे. सहाव्या अध्यायात अभ्यास हा शब्द येतो, तो हाच.

इथवर ऐकून आपण पटकन म्हणतो, ‘बघा, कुत्रं किती समदर्शी! त्याला गुन्हा दिसत नाही.’ हे गोड आहे, पण मला पटत नाही. कुत्र्याला केसची फाइल वाचताच येत नाही. त्याला माहीत नाही म्हणून ते भेद करत नाही. गीतेचा पंडित असा नाही. त्याला ब्राह्मण कोण, हत्ती कोण, सगळं नीट दिसतं, आणि ते दिसूनही तो समान बघतो.

मग या गोष्टीत पंडिताच्या जवळ कोण जातं? माझं उत्तर: ती कैदी बाई. तिला कुत्र्याची फाइल माहीत असते. हा गुरगुरतो, हा परत आलाय, याला अचानक उचललेल्या हाताची भीती वाटते. हे सगळं वाचून ती जमिनीवर, त्याच्या उंचीला बसते आणि आज काय जमतंय ते बघते. जे स्वतःच्या बाबतीत कुणी करावं असं तिला मनातून वाटत असणार, ते ती आधी त्या जीवासाठी करते. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांनाही भाकरी कुणी नेली हे दिसलं होतंच की!

एक प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा. ज्यांचं या कैद्यांनी नुकसान केलं त्यांचं काय? समदृष्टी म्हणजे गुन्हा पुसून टाकायचा का? नाही. जुन्या आचार्यांनी इथे समान बघणं आणि सगळ्यांशी सारखंच वागणं यात फरक केला आहे. आई दोन मुलांना सारखंच बघते, पण तापलेल्याला भाकरी देत नाही, पेज देते. या उपक्रमांतही कुणालाही कुत्रं देत नाहीत. आधी निवड होते, आणि प्राण्यांशी क्रूरपणे वागलेल्यांना बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. शिक्षा चालू राहते, कुलूप रात्री लागतंच. फक्त कुलपाच्या आतल्या माणसाकडे कुणीतरी एक जबाबदारी विश्वासानं दिलेली असते.

आणि ती जबाबदारी परत घेतली जाते, हा यातला सगळ्यात कठीण भाग. कित्येक महिने रात्रंदिवस सोबत राहिलेलं कुत्रं एक दिवस जातं. ज्या दारातून तिला जाता येत नाही त्या दारातून ते जातं, व्हीलचेअरवरच्या कुणाकडे किंवा एखाद्या घरी. कर्मफळ सोडण्यावर आपण इथे कितीतरी दिवस बोललो, पण फळ हातातला पट्टा दुसऱ्याच्या हातात देऊन सोडायचं असतं तेव्हा कसं वाटत असेल, हे मला कीबोर्डसमोर बसून सांगता येणार नाही. ती रडते. दुसऱ्या दिवशी कोठडी रिकामी असते. मग शेल्टरमधून पुढचं कुत्रं येतं, कोपऱ्यात अंग चोरून बसतं, आणि ती पुन्हा जमिनीवर बसून ‘बस’ पासून सुरुवात करते.

उद्या एकोणिसावा श्लोक. ज्यांचं मन या समतेत स्थिर झालं, त्यांनी इथेच, याच जन्मात काय जिंकलं ते भगवंत तिथे सांगतात. आजचा श्लोक एकदा मोठ्यानं म्हणून ठेवा, उद्या तो लागेल.