लाल शाईचा लखोटा

मेहरूणच्या तलावालगत ज्यांचे बालपण गेले त्यांना येथल्या बोरांची थोरवी सांगावी लागत नाही. परंतु त्या बोरीचे डोळे भरलेली रोपे खानदेशातील गावोगाव पोचवावीत, या उमेदीने मी १९७५ साली जो उद्योग आरंभिला, त्यात पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक अपराध घडला, आणि टपालाने आपला माल लोकांपुढे ठेवू पाहणाऱ्यांनी तो ऐकावा म्हणून येथे नमूद करीत आहे.

पत्रक उघडले गेलेच पाहिजे, या एकाच ध्यासापायी मी सरकारी दप्तरी असतात तसले खाकी लखोटे घेतले, त्यांवर लाल शाईत ‘तातडीचे : अंतिम सूचना’ असा मजकूर छापविला, आणि मागे नाव न घालता केवळ मेहरूणचा पत्ता दिला. पत्रे ऐन आखाजीच्या तोंडावर पोचली. आठवड्याने यावल तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी तो पत्ता हुडकीत दारी आले. काखेत सातबारा आणि सोसायटीच्या पावत्या बांधलेले गाठोडे होते, हाती न फोडलेला माझा लखोटा होता. १९७२च्या दुष्काळातील कर्जाचा तगादा, कदाचित जप्तीच, असे समजून, सणाला माहेरी आलेल्या लेकीला कळू नये म्हणून त्यांनी तो कणगीमागे दडविला होता. ‘भाऊ, माझ्याकडं बाकी किती निघते?’ एवढेच त्यांनी विचारले. त्यांच्यादेखत लखोटा फोडून बोरीच्या रोपांचे दर वाचून दाखविताना मला जी शरम वाटली ती आजही ताजी आहे.

पुढील वर्षी मी पांढरा लखोटा घेतला. दर्शनी भागी डावीकडे माझे नाव, गाव आणि बोरीची लहानशी आकृती, व तिच्याखाली ‘पावसाळ्यात बोरीला डोळे कसे भरावेत’ ही एकच ओळ. आणि त्या ओळीने जे कबूल केले तेच पत्राच्या प्रारंभी, दरपत्रक त्यानंतर. पत्ता हाताने लिहावा, आणि ज्याला गाव आप्पा किंवा नाना म्हणून ओळखते त्याचे संपूर्ण नाव ‘श्रीयुत’सह, शुद्ध लिहावे, चुकलेले नाव पाहताच मनुष्य पत्र बाजूस सारतो. आमच्या जिल्ह्यात पिंप्री आणि वडगाव एकाहून अधिक आहेत. गावांच्या अशा सारखेपणातून होणारा घोटाळा निवारण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आला असला, तरी पोस्ट आणि तालुका गाळू नयेत. तुळतुळीत कागद टाळावा, त्यावर शाई फिसकटते.

हे पांढरे लखोटे मी बुकपोस्टाने धाडीत असे, आणि बुकपोस्टाचा लखोटा न चिकटविताच पाठवावा लागे. मला प्रथम ते उणेपण वाटले. परंतु उघड्या तोंडाच्या लखोट्यातून जप्ती येत नाही, हे लोक जाणून होते, आणि म्हणून तो निर्धास्तपणे हाती घेत. एका मुद्रकाने कोपऱ्यांना कुंकू लावण्याचे सुचविले होते. लग्नपत्रिका समजून आनंदाने पुढे आलेल्या हातात दरपत्रक ठेवणे हीही फसवणूकच, म्हणून मी ते नाकारले.

तेव्हापासून कोणताही लखोटा छापण्यापूर्वी त्याचा नमुना मी वाडीवरील एका निरक्षर सालदारापुढे धरतो, आणि ‘हे काय आलं असेल?’ असे विचारतो. ‘झाडांचं काहीतरी दिसतं’ असे तो म्हणाला तरच छपाईला देतो.