आम्हांला खरे सांगा

(अपघात झाल्यावर खरी माहिती वेळेवर का मिळाली पाहिजे, हे या पाठात सांगितले आहे.)



वाशीम जिल्ह्यातील जऊळका कोठे आणि युरोपातील चेर्नोबिल कोठे! पण दूरच्या अपघाताचा प्रश्नही कधीकधी आपल्या ताटापर्यंत येतो. कसा, ते पाहा.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्रात स्फोट झाला. हे ठिकाण तेव्हा सोव्हिएत संघात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. किरणोत्सारी धूळ आकाशात उडाली. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही. त्याला वासही नसतो. म्हणून कोणी सांगितल्याशिवाय तो कळत नाही.

जवळच्या प्रिप्यात शहरात सुमारे ४९,००० लोक राहत होते. सकाळी मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. शहर रिकामे करण्यास सुमारे ३६ तासांनी सुरुवात झाली. २८ एप्रिलला दूर स्वीडनमधील एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांवर किरणोत्सार आढळला. वाऱ्यानेच खबर पोहोचवली होती! त्या संध्याकाळी सोव्हिएत सरकारने अपघाताची छोटीशी बातमी दिली.

या धुळीत किरणोत्सारी आयोडीन होते. ते गवतावर पडले, गाईंच्या पोटात गेले आणि दुधात उतरले. असे आयोडीन दर ८ दिवसांनी निम्मे उरते. म्हणजे पहिले दिवसच फार धोक्याचे. तेव्हाच 'हे दूध पिऊ नका' असे सर्वांना सांगायला हवे होते. अनेक मुले ते दूध प्याली. पुढे त्या भागातील मुलांमध्ये थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले.

आता मुंबईकडे येऊ. चेर्नोबिलची धूळ पावसाबरोबर युरोपात दूरवर पडली होती. १९८७ साली आयर्लंडमधून सुमारे २०० टन लोणी मुंबईत आले. 'हे लोणी खाण्यास योग्य आहे का?' असे काही नागरिकांनी विचारले. ते उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली. लोणी निर्धोक आहे, असे समितीने सांगितले. १९८८ साली न्यायालयाने ते मान्य केले.

मग नागरिकांचे श्रम वाया गेले का? नाही. अफवेच्या जागी तज्ज्ञांचे उत्तर आले. 'धोका नाही' हेही लोकांना पुराव्यासह कळले पाहिजे.

आपल्या राज्यात तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. २००५ साली देशात माहितीचा अधिकार कायदा झाला. अर्ज केल्यावर साधारणपणे ३० दिवसांत आणि जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते. पण अपघाताच्या वेळी अर्जाची वाट पाहून चालत नाही. देशाच्या सुरक्षेची काही माहिती गुप्त असते. पण दूध प्यावे की नाही, घरात थांबावे की गाव सोडावे, हे सरकारने आपण होऊन सांगितले पाहिजे.

उद्या तुमच्या गावात विहिरीच्या पाण्याविषयी अफवा उठली, तर ती पुढे पसरवू नका. मोठ्यांबरोबर ग्रामपंचायतीत जा. 'पाणी कधी तपासले? काय आढळले?' असे नम्रपणे विचारा. प्रश्न विचारणे म्हणजे भांडण नव्हे. ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

शब्दार्थ
किरणोत्सार – काही पदार्थांतून आपोआप बाहेर पडणारे किरण
तज्ज्ञ – विषयाचा जाणकार
निर्धोक – धोका नसलेले

स्वाध्याय
१. अपघाताची खबर स्वीडनमध्ये कशी कळली?
२. पहिले दिवस फार धोक्याचे का होते?
३. लोणी निर्धोक ठरले, तरी नागरिकांचे श्रम वाया का गेले नाहीत?