समोर मोठं नाव असेल तर लढायचं कसं? लातूर-नांदेडच्या निवडणुकांतून छोट्या उद्योजकासाठी 5 धडे



नांदेडच्या मागच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एक जण जवळ आला. हार्डवेअरचं दुकान, 11 वर्षांचा धंदा. म्हणाला, "सर, पुढच्या विधानसभेला अपक्ष उभं राहावं म्हणतो. लोक ओळखतात आपल्याला. दुकानाची 7 लाखांची सीसी आहे, त्यातून सुरुवात करतो. बाकीचं बघू."

"बाकीचं बघू" हे दोन शब्द ऐकले की मला धडकी भरते. धंद्यातही माणसं याच दोन शब्दांवर बुडतात. त्याला तिथं उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून व्हिडिओ केला आणि आज हे सविस्तर लिहितोय. निवडणूक लढवायची नसली तरी वाचा. कारण समोर मोठा ब्रँड आणि आपण नवखे, ही परिस्थिती तुमच्या दुकानाचीही आहेच.

धडा 1 : मोठं नाव म्हणजे कायमचा गल्ला नाही

1995 ची लातूरची निवडणूक आठवा. विलासराव देशमुख बाभळगावच्या सरपंचपदापासून वर आलेले, 1980 पासून सलग तीन वेळा आमदार, राज्यात मंत्री. समोर जनता दलाचे शिवाजीराव पाटील कव्हेकर. निकाल लागला आणि विलासराव सुमारे 35 हजार मतांनी हरले. कारणं तुम्ही गंजगोलाईत दहा जणांना विचारा, दहा वेगळी ऐकायला मिळतील. पण एक गोष्ट पक्की. जो ग्राहक तीन वेळा आला, तो चौथ्यांदा येईलच असं लिहून देत नसतो.

म्हणून समोरचं दुकान मोठं आहे एवढ्यावर घाबरू नका. आणि आपलं दुकान चालतंय एवढ्यावर झोपूही नका.

धडा 2 : ग्राहक नाराज कुठं आहे ते शोधा

2019 ला लातूर ग्रामीणमध्ये एक अजब निकाल लागला. काँग्रेसचे धीरज देशमुख मोठ्या फरकानं निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर आला 'नोटा'! 27 हजारांहून जास्त लोक रांगेत उभे राहिले आणि "यातलं कुणीच नको" हे बटण दाबून घरी गेले.

राजकारण बाजूला ठेवून व्यापाऱ्याच्या नजरेनं बघा. 27 हजार ग्राहक दुकानात आले, माल बघितला आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत गेले. म्हणजे मागणी होती, पण हवा तो माल फळीवर नव्हता.

पुढं 2024 ला त्याच मतदारसंघात भाजपचे रमेश कराड यांनी धीरज देशमुखांना साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी हरवलं. कराड तिथं 2009 आणि 2014 अशा दोन निवडणुका हरलेले होते. अर्थात ते नवखे नव्हते. पाठीशी मोठा पक्ष होता, स्वतः विधान परिषदेवर होते. ही बाजूही लक्षात ठेवा, नाहीतर अर्धी गोष्ट ऐकून पूर्ण उडी माराल.

तुमच्या गावात रिकाम्या हातानं परत जाणारा ग्राहक कोण आहे? त्याची यादी करा. समोरच्या दुकानाचं खुश गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा हा नाराज माणूस लवकर तुमचा होतो.

धडा 3 : काम निवडणुकीआधी करायचं असतं

नांदेड जिल्ह्यातलं कंधार बघा. भाई केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षासारख्या छोट्या पक्षाकडून तिथून अनेकदा आमदार झाले, 1977 ला नांदेडचे खासदारही झाले. हातात मोठ्या पक्षाची ताकद नव्हती. पण श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-कॉलेज होत्या, मोर्चे होते, वर्षानुवर्षांचा संपर्क होता. मत मागायला जाण्याआधी माणूस घराघरात माहीत होता.

आपण काय करतो? दुकानाच्या उद्घाटनाला बॅनर लावतो आणि दुसऱ्या दिवशी गर्दी का नाही म्हणून विचारतो. उधारी वेळेवर फेडणं, खराब माल तोंड वाकडं न करता बदलून देणं, लग्नकार्यात, मयतीत उभं राहणं, हा खरा प्रचार. तो आचारसंहिता लागल्यावर सुरू होत नाही.

धडा 4 : "लोक ओळखतात" हा आकडा नाही

आता वही-पेन घ्या. विधानसभेला उभं राहायला वय 25 पूर्ण लागतं आणि राज्यातल्या मतदारयादीत नाव लागतं. अनामत 10 हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5 हजार. मोठ्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 मतदार सूचक म्हणून लागतात. खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात 40 लाख. त्यासाठी वेगळं बँक खातं, रोजचा हिशेब, आणि निकालानंतर 30 दिवसांत तो हिशेब सादर करायचा. नाही केला तर आयोग 3 वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

अनामत वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पाहिजेत. समजा 2 लाख वैध मतं पडली, तर 33 हजार 333 च्या पुढं. ही फक्त अब्रू वाचवायची मतं झाली. जिंकायला समजा 80 हजार लागतात आणि बूथ आहेत 320. म्हणजे प्रत्येक बूथवर सरासरी 250 मतं.

आता स्वतःला विचारा : असे किती बूथ आहेत, जिथं माझ्यासाठी दिवसभर बसणारा माणूस आहे? आपल्या हार्डवेअरवाल्या मित्राला मी फोनवर हेच विचारलं. तो बराच वेळ मोजत राहिला. उत्तर आलं, "नऊ."

धंद्याचंही असंच करा. "मार्केट मोठं आहे" म्हणू नका. महिन्याचा खर्च भागायला रोज किती ग्राहक लागतात, त्यातले किती आज नावानिशी सांगता येतात, ते लिहा.

धडा 5 : हरल्यावर उभं राहता येईल एवढं शिल्लक ठेवा

1995 च्या पराभवानंतर विलासरावांना विधान परिषदेच्या निवडणुकीतही हार पत्करावी लागली. लोकांनी त्यांचं राजकारण संपलं असं धरलं. 1999 ला ते लातूरमधूनच जवळपास 91 हजारांच्या फरकानं जिंकले आणि 18 ऑक्टोबर 1999 ला मुख्यमंत्री झाले. हरल्यावर त्यांच्याकडे माणसं होती, संस्था होत्या, पुन्हा लढायला बळ होतं. आपल्यासारख्याकडे काय असतं? एक दुकान.

म्हणून सीसीच्या पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. ते पैसे बँकेनं माल भरायला दिलेत. ते दुसरीकडं वळवणं म्हणजे बँकेच्या अटी मोडणं. निवडणूक 15-20 दिवसांत संपते, व्याज संपत नाही. दुकानात माल नसेल तर अकरा वर्षांचं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, आणि दुकानात कामाला असलेल्या दोन पोरांचा पगार कुठून देणार?

मग लढायचंच नाही का? लढा ना! पण आधी ग्रामपंचायत, नगरपालिका, बाजार समिती, व्यापारी संघटना. विलासरावांचीही सुरुवात सरपंचपदापासून झाली होती. लहान जागी हरलात तर शिकता, मोठ्या जागी सगळं लावून हरलात तर घर अडचणीत येतं.

आमच्या मित्रानं सीसीला हात लावलेला नाही. सध्या तो आपल्या वॉर्डातल्या मतदारयादीची प्रत घेऊन रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर पाच घरी जातो. निवडून येईल की नाही मला माहीत नाही. पण परवा म्हणाला, "सर, त्या घरांतून तीन नवीन गिऱ्हाइकं आली."

या आठवड्याचा गृहपाठ

1. तुमच्या भागात रिकाम्या हातानं परत जाणाऱ्या 10 ग्राहकांची नावं लिहा.
2. धंदा ना नफा ना तोटा चालायला रोज किती ग्राहक लागतात, तो आकडा काढा.
3. सगळं फसलं तरी ज्याला हात लावणार नाही, ती रक्कम आजच ठरवा आणि घरच्यांना सांगून ठेवा.

तिसरा मुद्दा आज रात्री जेवतानाच करा. भेटू पुढच्या भागात!