ब्रेक पेडल हळूहळू खाली का बसतं?

प्रश्न : माझी २००४ सालची मारुती ८०० आहे. सिग्नलला ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जातं. ब्रेक ऑइल मात्र कमी होत नाही. काय बिघडलं असेल?

उत्तर : बहुधा मास्टर सिलिंडरमधले रबर झिजलेत. त्यामुळे ऑइल चाकांकडे न जाता आतल्या आत मागे फिरतं. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून पेडल एकसारखं दाबून धरा. सरकत राहिलं तर दोष तिथेच. दोन-तीनदा पंप केल्यावर कडक होऊन टिकलं, तर लाइनमध्ये हवा असेल किंवा मागचे लायनर सैल असतील. मागच्या चाकांच्या आतून ओल दिसते का, तेही बघा. मास्टर सिलिंडर बदलून, नवं ऑइल भरून हवा काढून घ्या. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.