संगणकाची राखण

कणसे भरली की आपण शेताची राखण करतो. पाखरे येतात, रानडुकरे येतात, कधी चोरही येतो. माळ्यावर बसून रात्र जागावी लागते. पीक राखले तरच ते घरात येते.

आता पुष्कळ घरांत संगणक आला आहे. संगणक म्हणजेच कॉम्प्युटर. मुले त्यावर अभ्यास करतात. कोणी दुधाचा हिशेब ठेवतो. कोणी बँकेचा व्यवहार करतो. घरातले फोटोही त्यातच असतात. हेही एक भरलेले शेतच झाले. त्याची राखण कशी करावी, ते या पाठात आपण पाहू.

चोर कसा असतो?

संगणक आपल्या मनाने काही करीत नाही. त्याला हुकूम द्यावे लागतात. हुकुमांच्या यादीला प्रोग्रॅम म्हणतात. चांगला प्रोग्रॅम हिशेब करतो, पत्र लिहितो. वाईट हेतूने लिहिलेला प्रोग्रॅम घात करतो. अशा घातकी प्रोग्रॅमला मालवेअर म्हणतात. बोलताना लोक सरसकट व्हायरस म्हणतात. हा काही तापाचा जंतू नव्हे. संगणकाला हात लावून तो माणसाला होत नाही, बरं का! पण तो एका संगणकातून दुसऱ्यात पसरतो, म्हणून त्याला रोगाचे नाव पडले.

एखादा मालवेअर आपला पासवर्ड चोरतो. एखादा फायली नासवतो. एखादा फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो.

प्रेमपत्राची गोष्ट

४ मे २००० रोजी ई-मेलने एक पत्र जगभर फिरू लागले. वर इंग्रजीत लिहिले होते, ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे.’ सोबत एक फाईल होती. तिचे नाव प्रेमपत्र. पत्र बहुधा ओळखीच्याच माणसाकडून आलेले. मग मोह कोणाला होणार नाही?

लोकांनी फाईल उघडली. ते पत्र नव्हतेच. तो प्रोग्रॅम होता. त्याने संगणकातले फोटो नासवले. शिवाय मालकाच्या पत्त्यांच्या वहीतल्या सर्वांना तेच पत्र पाठवले, तेही मालकाच्या नावाने! मालकाला काही पत्ताच नाही. असे लाखो संगणक नासले. ब्रिटनच्या पार्लमेंटलाही आपली ई-मेल काही काळ बंद ठेवावी लागली.

लोक फसले कसे? फायलीच्या नावाच्या शेवटी टिंब असते. टिंबापुढे दोन-चार अक्षरे असतात. त्यांना फायलीचे आडनाव समजा. फोटोचे आडनाव बहुधा जेपीजी असते. या प्रेमपत्राचे खरे आडनाव व्हीबीएस होते. ते प्रोग्रॅमचे आडनाव आहे. पण पुष्कळ संगणकांवर ते दिसतच नव्हते. दिसत होते ते टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर.

हाच डाव २०२४ मध्ये आपल्या देशात मोबाइलवर झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका येई. तिचे आडनाव एपीके. तो मोबाइलचा प्रोग्रॅम असतो. पत्रिका म्हणून तो फोनमध्ये बसवला की चोर आत आलाच. मग तो बँकेचे निरोप वाची आणि खाते रिकामे करी. चोवीस वर्षे गेली, पण डाव तोच. चोराने दार फोडले नाही. दार आपणच उघडले.

म्हणून न मागता आलेली फाईल उघडू नये. ओळखीच्या माणसाकडून आली, एवढे पुरेसे नाही. त्याला फोन करावा. ‘दादा, पत्रिका तुम्हीच पाठवली का?’ असे विचारावे. विचारण्यात कसला कमीपणा?

कुंपणाचे भगदाड

दर वेळी दार आपणच उघडतो असेही नाही. कधी कुंपणालाच भगदाड असते.

विंडोज हा संगणक चालवणारा मोठा प्रोग्रॅम आहे. त्यात एक भगदाड सापडले. ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी दिली. दुरुस्ती फुकट होती. तरी पुष्कळांनी ‘उद्या करू’ म्हटले. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा मालवेअर त्याच भगदाडातून शिरला. त्याने फायलींना कुलूप घातले आणि प्रत्येक संगणकामागे ३०० डॉलरपासून खंडणी मागितली. सुमारे १५० देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने धरले. इंग्लंडमध्ये कित्येक सरकारी इस्पितळांचे संगणक बंद पडले. रुग्णांना परत पाठवावे लागले, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांनी वेळेवर दुरुस्ती घेतली होती, त्यांच्या संगणकाला हे भगदाडच उरले नव्हते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. संगणक ‘अपडेट करा’ म्हणाला की काम आवरून तेवढे करावे. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या फुकट दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. ते वापरणाऱ्यांनी पुढची सोय जाणकाराला विचारून करावी.

राखणीचे नियम

१. प्रोग्रॅम ज्याचा त्याच्याकडूनच घ्यावा. महागडा प्रोग्रॅम कोणी फुकट देऊ लागला, तर सावध व्हावे. चोरीच्या मालात चोर लपलेला असू शकतो.

२. झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरी आणला की आधी तपासावा. आजच्या विंडोजबरोबर तपासणीचा पहारेकरी फुकट येतो. तो बंद करू नये.

३. संगणकात दोन खाती करावीत. एक मालकाचे, एक रोजच्या कामाचे. रोजच्या खात्याला नवा प्रोग्रॅम बसवताना मालकाचा पासवर्ड लागतो. त्यामुळे चोराला सारे घर सहजासहजी मोकळे मिळत नाही.

४. फायलींचे आडनाव दाखवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. घरातल्या शिकत्या मुलाकडून ती चालू करून घ्यावी.

५. सगळे बियाणे एका कणगीत ठेवू नये. फोटो आणि हिशेब यांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. नक्कल झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. लावलेली राहिली तर तिलाही कुलूप बसेल.

चोर शिरलाच तर?

आधी इंटरनेट तोडावे. जाणकाराला बोलवावे. खंडणी देऊ नये. पैसे घेऊनही चोर किल्ली देईलच असे नाही. दुसऱ्या चांगल्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. खात्यातून पैसे गेले तर बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

यांतल्या बहुतेक सवयींना पैसा लागत नाही. लागतो तो थोडा धीर. फाईल उघडण्याआधी क्षणभर थांबावे आणि तिचे आडनाव वाचावे. तुम्हाला आता वाचता येते. ती विद्या इथेही कामाला लावा.

प्रश्न

१. प्रेमपत्राच्या फायलीचे खरे आडनाव काय होते?
२. वॉनाक्राय येण्याच्या किती दिवस आधी दुरुस्ती मिळाली होती? मोजून सांगा.
३. नक्कल ठेवलेली डिस्क संगणकापासून का काढावी?
४. तुमच्या फोनवर आलेल्या एका फायलीचे आडनाव वाचून वहीत लिहा.