पाठलाग करणारीवरच बंधनं का?

प्रश्न : मी आश्रमशाळेत आठवीत शिकते. खो-खोमध्ये पळणारी मुलगी बसलेल्या दोघींच्या मधून हवी तेव्हा इकडून तिकडे जाते. मला मात्र तसं जाता येत नाही, मागेही वळता येत नाही. वर्गात सगळ्यांत जोरात मीच पळते, तरी ती हाताला लागत नाही. पकडणारीवरच एवढी बंधनं का?
— एक विद्यार्थिनी, अक्कलकुवा

उत्तर : तुझी तक्रार खरी आहे, आणि मैदानाचं माप पाहिलं तर ती आणखी खरी वाटेल. दोन खांबांमध्ये सुमारे 24 मीटर अंतर असतं. ज्या मधल्या पाटीवर तुमच्या आठ जणी बसतात, ती जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद. पळणारी मैदानाच्या मधोमध असेल तर एका पावलात पलीकडे जाते. तिच्यामागे जायचं तर तुला 12 मीटर धावून खांब गाठायचा, त्याला वळसा घालायचा आणि पुन्हा 12 मीटर यायचं. तोवर ती परत अलीकडे आलेली असते. या हिशेबात नंदुरबार जिल्ह्यातली सर्वांत वेगवान मुलगीही एकटीने कुणाला बाद करू शकणार नाही.

आता हे बंधन काढून टाक आणि बघ काय होतं. तू पाटी ओलांडणार, मागे वळणार, चार उड्यांत तिला शिवणार. पण मग ती शिवणापाणी झाली. बाकीच्या आठ जणी फक्कीने आखलेल्या चौकोनांत बसून तुझं पळणं बघत राहतील. माझ्या मते खो-खोची सगळी हुशारी याच एका नियमात आहे : ज्या बाजूला तुला जाता येत नाही, त्या बाजूला तुझी मैत्रीण जाऊ शकते.

बसलेल्या मुली एकाआड एक उलट दिशांना तोंड करून का बसतात, याचं उत्तरही इथेच आहे. खो पाठीमागूनच द्यायचा असतो. म्हणजे तुझ्याकडे जिची पाठ आहे, तिचं तोंड पलीकडच्या बाजूला असणार. तिला खो मिळाला की ती समोर, म्हणजे पलीकडे धावणार आणि तू तिच्या जागी बसणार. प्रत्येक खो पाठलागाला पाटीच्या पलीकडे नेतो. पळणारीला पलीकडे जायला एक पाऊल लागतं, तर तुमच्या संघाला एक शब्द आणि एक स्पर्श. मघाचे 24 मीटर कुठल्या कुठे गेले! पळणारी परत अलीकडे आली, तरी पलीकडे गेलेली मैत्रीण लगेच दुसरा खो देऊ शकते आणि पाठलाग पुन्हा अलीकडे येतो. चांगल्या संघाचा पाठलाग असा टाके घातल्यासारखा चालतो.

म्हणून जोरात पळणाऱ्या मुलींना एक गोष्ट मुद्दाम शिकावी लागते : खो लवकर द्यायला. पळणारी साखळी करत, बसलेल्यांच्या मधून नागमोडी जात असेल, तर तिच्या पाठीवर नजर ठेवून धावत राहू नकोस. ती पुढे कुठे पाटी ओलांडेल ते ओळख आणि त्याच्या आसपास बसलेल्या मैत्रिणीला उठव. खांबाजवळ मात्र तुझा वेग हवाच. खांबाला धरून झोकात वळणं आणि सूर मारणं ही वेगवान मुलींची कामं.

हा खेळ जुना आहे, पण पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 मध्ये त्याचे नियम बांधायला घेतले आणि त्यातून त्याला आजचं वळण लागत गेलं. गंमत म्हणजे तुझ्यासारखाच विचार अलीकडे मोठ्यांनीही केला. 2022 मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तिथे ‘वजीर’ नावाच्या आक्रमकाला कोणत्याही दिशेने पळायची मुभा दिली. प्रेक्षकांसाठी त्याने खेळ झटपट झाला, हे कबूल. शाळेच्या मैदानावर मात्र मला वजीर नको वाटतो. तिथे आठही जणींना उठायला मिळायला हवं.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. त्या सामन्यांचं चित्रीकरण शाळेत बघायला मिळालं तर पळणाऱ्यांकडे बघू नकोस, बसलेल्यांकडे बघ. पंजे टेकलेले, नजर पळणारीवर, उठायला पूर्ण तयार, पण खो मिळेपर्यंत जागा न सोडणाऱ्या. आधी उठली तर फाऊल. खो नुसता तोंडाने दिला किंवा नुसता हात लावला, तरी फाऊल. दोन्ही एकदमच व्हायला हवं आणि आवाज पंचांना ऐकू जायला हवा.

तळोदा प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धांआधी सरावात एक डाव असा खेळून बघा : उठलेल्या मुलीने सहा पावलांच्या आत खो द्यायचाच. दुसरा डाव नेहमीसारखा. नऊ मिनिटांत कोणत्या डावात जास्त मुली बाद झाल्या, ते वहीत मांडून मला पाठव.